शेवटचं पूर्ण ठीक कधी पाहिलं होतं?

महामारीच्या दोन वर्षांत आमच्या आईला रक्तदाबापायी दोनदा तातडीने रुग्णालयात न्यावे लागले. पहिल्यांदा, सप्टेंबर २०२० मध्ये, आम्ही नको तितके घाबरून गेलो. दुसऱ्यांदा, एप्रिल २०२१ मध्ये, जेव्हा खरोखर धावत सुटायला हवे होते तेव्हा सकाळपर्यंत थांबलो. पहिल्या वेळचा अनुभव मनात इतका घट्ट बसला होता की दुसऱ्या वेळी त्यानेच आमचे पाय मागे ओढले, असे मला आज वाटते, आणि म्हणून या दोन्ही रात्री एकत्रच लिहून ठेवते आहे.

आईला बारा वर्षांपासून बीपी आहे. सकाळी अमलोडिपिन आणि रात्री टेल्मिसार्टन अशा दोन गोळ्या, दर तीन महिन्यांनी आमच्या घरच्या डॉक्टरांकडे एक फेरी आणि संध्याकाळी बागेत चालणे, एवढ्यावर तिचे सगळे व्यवस्थित चालले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि यांतल्या दोन गोष्टी एका दिवसात बंद पडल्या. पुण्यात बागांना कुलपे लागली, आणि डॉक्टरांनी स्वतःच सांगितले की साधी तपासणी असेल तर दवाखान्यात येऊ नका, फोन करा. फोनवरून सल्ला देण्याविषयीचे नियम केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजीच जाहीर केले होते, त्यामुळे औषधांची चिठ्ठी मोबाइलवर येत असे. पण फोनवरून डॉक्टरांना पेशंटच्या पायाची सूज दिसत नाही, आणि ‘गोळ्या चालू आहेत ना?’ या प्रश्नाला आई ‘हो’ म्हणाली की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

गोळ्या पूर्ण चालू नव्हत्या. आईच्या मोबाइलवर कुठून तरी एक संदेश आला होता, त्यात लिहिले होते की टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना कोरोना जास्त जोरात होतो. ही भीती अगदीच हवेतून आलेली नव्हती. हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, आणि या गटातील औषधांमुळे त्या प्रथिनाचे प्रमाण वाढते असे प्राण्यांवरील काही प्रयोगांत दिसले होते, म्हणून तज्ज्ञांमध्येच ती शंका निघाली होती. मात्र युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १३ मार्च २०२० रोजीच स्पष्ट सांगितले होते की या शंकेला माणसांमधला पुरावा नाही आणि औषधे बंद करू नयेत. पुढे ब्राझीलमध्ये कोरोनामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ६५९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांच्या या गोळ्या तात्पुरत्या थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या, आणि दोन्ही गटांत काही फरक पडला नाही. जानेवारी २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. शंका मात्र घरोघर पोहोचली आणि तिचे उत्तर पोहोचले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. आईने ऑगस्टपासून रात्रीची गोळी घरात कोणालाही न सांगता बंद केली होती.

सप्टेंबरातली ती रात्र. पुण्यात रुग्णसंख्या कळसाला पोहोचली होती, सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावरचे कोरोनासाठीचे तात्पुरते जम्बो रुग्णालय नुकतेच सुरू झाले होते, आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर आकडे ऐकणे हा आमच्या घरचा नेम झाला होता. बातम्या चालू असतानाच बाबांनी आईचे बीपी मोजले. वरचे १९८, खालचे १०८. दोन मिनिटांत पुन्हा मोजले तर वरचे २०६. आईला काही होत नव्हते. डोके दुखत नव्हते, छातीत दुखत नव्हते, धाप नव्हती, हातापायांत मुंग्या नव्हत्या. पण आकडा पाहून ती घाबरली, तिला पाहून आम्ही घाबरलो, आणि प्रत्येक मोजणीला आकडा वर चढत गेला. शेजारच्या काकांनी जिभेखाली ठेवायची एक गोळी आणून दिली. ती आईला न देण्याची बुद्धी बाबांना झाली, याबद्दल पुढे डॉक्टरांनी त्यांचे मनापासून कौतुक केले.

कॅज्युअल्टीच्या दारात ताप मोजला, ऑक्सिजन पाहिला, एकाच नातेवाइकाला आत सोडले. पडद्याच्या पलीकडे कोणी तरी सतत खोकत होते. ईसीजी निघाला, रक्त आणि लघवी तपासायला गेली, आणि साधारण पाच तासांनी पीपीई किट घातलेल्या एका तरुण डॉक्टरांनी, चष्म्यावर वाफ धरलेली असतानाही, शांतपणे समजावून सांगितले. आकडा १८०/१२० च्या पुढे गेला म्हणजे लगेच जिवावर बेतले असे होत नाही, असे ते म्हणाले. त्या दाबाने मेंदू, हृदय, मूत्रपिंड किंवा डोळे यांना इजा होत असेल तर ती खरी आणीबाणी. तशी इजा होत नसेल तर दाब सावकाश, एक-दोन दिवसांत खाली आणायचा असतो. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाची मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सवय झालेली असते, आणि तो जिभेखालच्या गोळीने झटक्यात पाडला तर मेंदूला रक्त कमी पडून, जो पक्षाघाताचा झटका टाळायचा तोच येऊ शकतो. मग त्यांनी गोळ्यांविषयी नीट खोदून विचारले. तेव्हा कुठे आईने ऑगस्टची गोष्ट सांगितली.

गोळी पुन्हा चालू करून आम्हाला घरी पाठवले. त्यानंतरचे दहा दिवस मात्र त्या रात्रीपेक्षा वाईट गेले. खोकणाऱ्या माणसांत पाच तास बसून आल्यामुळे आईने स्वतःला मागच्या खोलीत बंद करून घेतले. ती जेवणाचे ताट दाराशी ठेवायला सांगायची आणि नातवाला लांबूनच हाक मारायची. कोणालाही काही झाले नाही. पण ‘उगीच गेलो’ हे वाक्य त्या दिवसांत आमच्या घरात इतक्यांदा बोलले गेले की शेवटी त्याचा नियमच होऊन बसला.

आईची बहीण, आमची मावशी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. तिलाही बीपी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सातारा पहिल्यापासून होता, त्यामुळे तिचे नाव उपकेंद्राच्या नोंदीत होते आणि गोळ्या तिथूनच मिळत. टाळेबंदीत आशाताई तिच्या घरी दोन महिन्यांच्या गोळ्या देऊन गेल्या, अंगणात बसवून बीपी मोजले, आणि आधीच्या पट्टीत किती गोळ्या उरल्या आहेत ते स्वतः पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांत केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक देशांनी रक्तदाबाचे उपचार पूर्णपणे किंवा अंशतः विस्कळीत झाल्याचे कळवले होते. त्या काळात एका खेड्यात कोणी तरी दाराशी येऊन उरलेल्या गोळ्या मोजत होते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. शहरात औषधांचे दुकान आमच्या इमारतीखालीच होते, पण उरलेल्या गोळ्या मोजणारे कोणी नव्हते. मी एकाच घरात राहून मोजल्या नाहीत.

एप्रिल २०२१. दुसरी लाट, रात्री आठनंतर रस्ते सामसूम, आणि दिवसरात्र रुग्णवाहिकांचे आवाज. घरात बसून आईचे गुडघे धरले होते आणि तीन आठवडे ती खालच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेत होती. या गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठते व रक्तदाब वाढतो, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. एका रात्री सव्वानऊच्या सुमारास आमटी वाढताना तिच्या डाव्या हातातून वाटी निसटली. तिने उचलायला हात घातला तर बोटे नीट वळेनात. ‘हाताला मुंग्या आल्यात गं, अवघडून बसले होते ना,’ असे ती म्हणाली. बीपी २१२/११६ होते. मी म्हणाले, जाऊया. आई म्हणाली, ‘मागच्या वेळी पाच तास बसवून परत पाठवलं. आता तिथे श्वासाला तडफडणारी माणसं आहेत, त्यांची जागा मी कशाला अडवू? आणि गेले तर कोरोना घेऊनच येईन.’ बाबा काहीच बोलले नाहीत. रात्रीची गोळी देऊन आम्ही तिला झोपवले.

मागच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेले मला शब्दन् शब्द आठवत होते. त्यातले ‘आकड्याला घाबरू नका’ एवढेच मी धरले आणि ‘मेंदूला इजा होत असेल तर’ हे सोडून दिले. हाताची बोटे न वळणे ही तीच इजा होती.

पहाटे चारला ती उठली तेव्हा डावा पाय ओढत होता आणि ओठाचा डावा कोपरा खाली आला होता. १०८ ला फोन लावला तेव्हा गाडी यायला बराच वेळ लागेल असे कळले, म्हणून शेजारच्या काकांनी स्वतःची गाडी काढली. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोहोचलो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बीपीचा नव्हताच. ‘यांना शेवटचं पूर्ण ठीक कधी पाहिलं होतं?’ असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, रात्री नऊ. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि ती वेळ कागदावर लिहिली. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर छातीच्या स्कॅनसाठी आलेल्या कोरोनाच्या रुग्णांची रांग होती. तरी तिला पुढे घेतले. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेसुद्धा दाब १८५/११० च्या खाली आणल्यावरच. आम्हाला आठ तास होऊन गेले होते.

त्या वेळी बीपी २०४/११० होते आणि ते कमी करण्यासाठी त्यांनी काहीही दिले नाही, हे पाहून बाबा हवालदिल झाले. ज्या आकड्यासाठी आम्ही सप्टेंबरात धावत आलो होतो, तो आता डॉक्टर मुद्दाम तसाच राहू देत होते. त्यांनी समजावले की गुठळीच्या भोवतालचा मेंदूचा भाग या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो. इंजेक्शन द्यायचे नसेल तर पहिल्या दिवशी २२०/१२० पर्यंतचा दाब सहसा चालू देतात. पुढचे चार दिवस आई आत होती आणि आम्ही बाहेर. दिवसातून एकदा सिस्टर स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून देत असत. त्या स्वतः किती तास सलग उभ्या असतील याचा हिशेब आम्ही केला नाही, पण त्यांचा फोन एकही दिवस चुकला नाही.

आई आज चालते, स्वयंपाक करते. डाव्या हाताची दोन बोटे अजून पुरती वळत नाहीत, त्यामुळे पोळी लाटताना लाटणे एका बाजूला जाते आणि ब्लाउजची हुके मी लावून देते. बीपी आता टीव्ही बंद करून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे गप्प बसल्यावर मोजतो आणि वहीत लिहितो. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात येत नाही. उरलेल्या गोळ्या दर रविवारी मी मोजते. आणि रात्री दिवा मालवण्याआधी आई तिच्या खोलीतून दोन्ही हात वर करून मला दाखवते आणि सांगते, ‘साडेदहा वाजले गं, मी ठीक आहे.’