चेरी काउंटीतला एक माणूस

नेब्रास्का राज्यातली चेरी काउंटी विस्ताराने साधारण आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, म्हणजे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर आहे. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसे होती. चेरी काउंटीत २०२० च्या गणनेत ५,४५५ भरली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी व्हॅलेंटाईन या एकाच गावात राहतात. उरलेली वाळूच्या टेकड्यांमध्ये विखुरलेली आहेत. दुसरी रुग्णवाहिका कुठे उभी करावी हे ठरवण्यासाठी या विखुरलेल्या वस्तीचा नकाशा तयार करण्याचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले होते. ते काम करताना गेलेला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही.

या टेकड्या म्हणजे गवताने जागच्या जागी धरून ठेवलेले वाळूचे टिब्बे आहेत. गवत उखडले की वारा वाळू उकरू लागतो, आणि दोन टिब्ब्यांमधल्या सखल जागी भूजल वर येऊन तळी साचतात. इथे पीक निघत नाही, गुरे मात्र पोसतात. १९०४ च्या किंकेड कायद्याने माणशी ६४० एकर जमीन मिळू लागली तेव्हा लोक लोटले आणि १९२० पर्यंत वस्ती अकरा हजारांवर गेली. पण या गवतावर ६४० एकरांत कुटुंबाचे पोट भरेल इतकी गुरे जगत नाहीत, हे उमगल्यावर बरेच जण शेजाऱ्याला जमीन विकून चालते झाले. त्यामुळे आज एकेका रँचचा पसारा अवाढव्य आहे आणि घरे एकमेकांपासून कित्येक मैल लांब.

आमच्या सॉफ्टवेअरला हे काही कळत नाही. एकाच गाडीच्या रुंदीच्या डांबरी रस्त्यालाही ते हमरस्त्याचा वेग लावते, आणि पुढे ‘ऑटोगेट’ ओलांडल्यावर, म्हणजे गुरांना ओलांडता न येणारी जमिनीतली लोखंडी जाळी पार केल्यावर, वाळूत उमटलेल्या दोन चाकोऱ्या तेवढ्या उरतात, याची त्याला कल्पनाच नसते. ते वेग मी रस्ता रस्ता घेऊन हाताने कमी केले. दोन आठवडे गेले, पण त्या कामाचा मला अभिमान आहे.

खरा घोळ वस्तीच्या आकड्यांत निघाला. जनगणनेच्या सर्वांत लहान तुकड्याला ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये घरे ० आणि माणसे ६ दिसत होती. शेजारच्या ब्लॉकमध्ये घर १ आणि माणसे ०. ही चूक नव्हती. कोणा एका व्यक्तीची माहिती आकड्यांवरून हुडकता येऊ नये म्हणून २०२० च्या आकड्यांत जाणूनबुजून थोडी सरमिसळ केलेली आहे. राज्याची एकूण लोकसंख्या आणि ब्लॉकमधल्या घरांची संख्या जशीच्या तशी ठेवली. माणसांचे बाकीचे आकडे हलवले, अगदी काउंटीच्या बेरजेपर्यंत. एकेकटा ब्लॉक वापरू नका, अनेक ब्लॉक एकत्र करून वापरा, असे जनगणना कार्यालय स्वतःच सांगते. आमच्या वरिष्ठांनी ती सूचना वाचली नव्हती. नकाशावर सहा माणसे दिसतात, म्हणजे ती तिथे आहेतच, असे त्यांचे ठाम मत होते.

शेवटी त्या भागातले रस्ते राखणाऱ्या एका गृहस्थांना मी फोन लावला. काउंटीचा पूर्व भाग सेंट्रल वेळेवर आणि पश्चिम भाग माउंटन वेळेवर चालतो हे विसरल्याने तो एक तास लवकरच लागला, पण त्यांनी ते मनावर घेतले नाही. सहा माणसांच्या ब्लॉकचे नाव काढताच ते हसले. तिथे एक पवनचक्की आणि गुरांच्या पाण्याचे टाके आहे, दुसरे काही नाही, असे त्यांनी सांगितले. मग शून्य माणसांच्या घराबद्दल विचारले, तर ते क्षणभर थांबून म्हणाले, “तिथे माझी आई राहते. एकटीच असते.”

मी पवनचक्कीजवळची सहा माणसे उचलली. पाच आसपासच्या घरांत वाटली आणि एका माणसाचा ठिपका त्या आईच्या घरावर ठेवला. रुग्णवाहिकेच्या दृष्टीने हे योग्यच होते. ऑटोगेटपासून ते घर सात मैल आत होते, आणि तो ठिपका नसता तर ती बाई आमच्या हिशेबात आलीच नसती. रात्री मात्र लक्षात आले, की आकड्यांची ही सगळी सरमिसळ ज्यांच्यासाठी करतात, त्या याच बाई होत्या. एकटी राहणारी वृद्धा नेमकी कोणत्या घरात आहे, हे मी तिच्या मुलाशी झालेल्या पाच मिनिटांच्या बोलण्यावरून नकाशावर मांडून मोकळी झाले होते, आणि त्याची परवानगी घ्यावी हे मला सुचलेही नव्हते.

रुग्णवाहिकेसाठी दिलेल्या प्रतीत तो ठिपका मी तसाच ठेवला. महिन्याभराने काउंटीच्या बैठकीत सर्वांसमोर मांडण्यासाठी वेगळी प्रत मागवली गेली, तेव्हा त्यातून तो काढून टाकला. काल वरिष्ठांची ईमेल आली आहे: या प्रतीतली बेरीज ५,४५४ येते, एक माणूस कमी का? मी अजून उत्तर दिलेले नाही.