उकिडवं

सिंकखालचा पाइप गळायचा असला की तो दुपारीच गळतो. जेवणं झालेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, आडवं व्हायचं एवढंच शिल्लक असतं, आणि टप् टप् सुरू होतं. प्लंबर मात्र फोन केल्यावर अर्ध्या तासात आला. आमच्या पुण्यात हीच मुळात लिहून ठेवण्यासारखी गोष्ट. आल्या आल्या पिशवी ठेवली आणि सिंकपुढे उकिडवा बसला. टाचा फरशीला घट्ट, ढोपरं काखेशी, दोन्ही हात मोकळे. तशा बसल्या बसल्या त्यानं नट सोडवला, वॉशर बदलला, मधेच खांद्यावर मोबाइल दाबून धरून कुठल्याशा बिल्डरशी भांडून घेतलं. मी बॅटरी धरून त्याच्या डोक्यावर उभी.

"काकू, खाली बसून धरा ना जरा. तुमची सावली पडतीय."

काकू म्हटल्याचं काही नाही, सवय झालीय. पण खाली बसायचं म्हणजे ओट्याची कड धरायची, आधी डावा गुडघा, मग उजवा, मग 'आई गं'. तोवर त्याचं काम आटोपलं.

गंमत म्हणजे याच बसण्याचे मी दर महिन्याला पैसे भरते. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला आमचा योगाचा वर्ग असतो. तिथे याला मालासन म्हणतात. टाचा टेकत नाहीत त्यांच्यासाठी टाचांखाली सतरंजीची घडी. (माझी घडी सगळ्यात जाड.) बाई आकडे मोजतात, आणि सोळानंतर सतरा न म्हणता पुन्हा पंधरा म्हणतात असा माझा जुना संशय आहे.

आजीच्या घरात कुणी मालासन करत नव्हतं आणि सगळं मालासनातच चालायचं. चुलीपुढे फुंकणी घेऊन उकिडवं, मोरीत भांड्यांपुढे उकिडवं, अंगण सारवताना उकिडवं. विळीवर एक पाय दुमडून, दुसरा ढोपरात उभा. सगळं घर जमिनीपासून हातभर उंचीवर चालायचं, त्यामुळे लहान मुलांना मोठ्यांचे चेहरे आपल्याच पातळीवर दिसत. मी पाटावर बसून आजीला वाटीतले शेंगदाणे सोलून द्यायची, तेव्हा तिच्या कपाळावरचं गोंदण माझ्या डोळ्यांसमोर असायचं. आईच्या घरी गॅस आला आणि बायका स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. आईचा चेहरा वर गेला. मला आठवतो तो तिचा पदर आणि ओट्याची खालची बाजू.

उभ्या राहिल्या ते बरंच झालं. 'पूर्वीची माणसं कशी लवचिक' वगैरे गळे काढणाऱ्यांनी एकदा शेणानं अंगण सारवून पाहावं. आजीचे गुडघेही शेवटी गेलेच. त्या प्लंबरचेही जातील, आणि तेव्हा त्याच्या टाचांखाली सतरंजीची घडी ठेवायला कुणी नसेल.

पण जमिनीवरून उठताना आपण बरोबर आणखी काय उचललं आणि काय तिथेच टाकून आलो, हे मला अधूनमधून खटकतं. समाचाराला जाणं घ्या. ज्या घरी माणूस गेलंय तिथे जायचं, सतरंजीवर बसायचं. फार बोलायचं नाही. कुणी रडलं तर रडू द्यायचं. निघताना 'येते' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. आता सोफा असतो, टीपॉय असतो, आणि त्या घरातली सून बिचारी पाहुण्यांना पाण्याचे ग्लास देत फिरत असते. आपण सोफ्याच्या कडेवर टेकून 'कधी झालं, कोणत्या हॉस्पिटलात होते, बिल किती आलं' एवढं विचारतो आणि पंधरा मिनिटांत लिफ्टमध्ये असतो. उभ्या उभ्या जाऊन येणं हा प्रकार पूर्वी हळदीकुंकवापुरता होता.

माझी आत्या या बाबतीत फार कडक. सोलापुरात प्राथमिक शिक्षिका होती. आसनं करायची ती शाळेच्या व्हरांड्यात, पहाटे, जुन्या चादरीवर. एकवीस जूनला जगभर मैदानं भरायला लागली ती २०१५ पासून. आत्याला तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा एक नियम होता : समोरचा माणूस जमिनीवर असेल तर उभ्यानं त्याच्याशी बोलायचं नाही. भाजीवालीशीसुद्धा नाही. बाजारात तिच्याबरोबर गेलं की तास मोडायचा.

हा नियम तिनं किल्लारीहून आणला होता. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनं आटोपून लोक उशिरा निजलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. दगडामातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरंच अंगावर आली. हजारो माणसं झोपेतच गेली. वर पाऊस. दोन दिवसांनी शाळेतल्या काही शिक्षकांबरोबर आत्या जीपमधून गेली. तोवर मदतीचे ट्रक यायला लागले होते. ती सांगायची, ट्रकवरून पुड्यांचं वाटप चाललेलं, खाली हात वर केलेली माणसं, आणि रस्त्याकडेला कुणाच्या कामाच्या नसलेल्या कपड्यांचे भिजलेले ढीग. हिला काय करायचं ते कुणी सांगेना. एका पडक्या घरासमोर एक बाई एकटीच बसलेली दिसली, तिच्याजवळ जाऊन ही उकिडवी बसली. नाव विचारलं नाही, कोण कोण गेलं विचारलं नाही. बराच वेळ दोघी समोरच्या ढिगाऱ्याकडे बघत होत्या. मग त्या बाईनं हिला विचारलं, "जेवलाव का?"

एवढंच आत्या सांगायची. पुढचं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. फक्त एकदा, मी वर्गाला जायला लागले तेव्हा, फोनवर म्हणाली, "आसनांचा मला आयुष्यात उपयोग झाला तो त्या दिवशी. सारखं वाटत होतं उठावं, काहीतरी करायला पळावं, कुणाला तरी पाणी द्यावं. उठले नाही."

आमच्या वर्गात भिंतीवर अष्टांगांचा तक्ता आहे. यम त्यात पहिला, आणि यमांत अहिंसा पहिली, पण आम्ही रोज थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. वास्तविक पतंजलींनी आसनाला उणीपुरी तीन सूत्रं दिली आहेत. बसणं स्थिर हवं आणि सुखाचं हवं, एवढी त्यांची पहिली अट. सोळानंतर पंधरा वगैरे काही नाही. उलट मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचं सूत्र त्यांनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, म्हणजे पहिल्याच भागात घातलंय. दुःखी माणसाबद्दल करुणा, आणि ती का, तर स्वतःचं चित्त निवळावं म्हणून. म्हणजे आपण कुणावर उपकार करतोय अशी समजूत करून घ्यायला जागाच ठेवली नाही त्या गृहस्थांनी.

गडचिरोलीतल्या आरोग्यदूत बायकांबद्दल वाचताना मला आत्या आठवते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं, आणि त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं. आज देशभरच्या आशाताई त्याच वाटेनं जातात : तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी. हात साबणानं धुवायचे, बाळाचं तापमान घ्यायचं, झोळीत घालून ताणकाट्यानं वजन करायचं, श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट मोजायचे. कामाच्या घाईत कुणाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजून पाहा, काय अवघड असतं ते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावं असंच कुणालाही वाटेल. आमच्या वर्गात आम्ही स्वतःचे मोजतो, तेही चुकतात. आणि हे सगळं त्या ज्या मानधनावर करतात त्याबद्दल करुणेनं बोलण्यात अर्थ नाही; ते वाढवलं पाहिजे.

पालखी पुण्यात येते तेव्हाही हे दिसतं. चर्मकार मंडळी रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात, नाभिक दाढ्या करून देतात, कॉलेजची पोरं तेल लावून पाय चेपून देतात. परक्या माणसाची भेगाळलेली टाच मांडीवर घ्यायची, हे काही सोपं काम नाही. एरवी वडिलांनी पाय चेपायला सांगितले तर यातली निम्मी पोरं 'क्लास आहे' म्हणून पसार होतील, पण ते सोडा.

तर माझं असं मत बनत चाललं होतं की दया, करुणा, सेवा, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा, हे सगळं शेवटी गुडघ्यांवर येऊन थांबतं. खाली बसता आलं पाहिजे आणि बसल्यावर लगेच उठायचं नाही. हा सिद्धांत आत्याला एकदा ऐकवायचाही ठरवला होता.

पण मग ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी काय करायचं? देवळात, कीर्तनात, मागच्या भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांची करुणा खुर्चीच्या उंचीवर अडते की काय? बी. के. एस. अय्यंगारांनी १९३७ साली पुण्यात येऊन योग शिकवायला सुरुवात केली. माणूस फार कडक. पण पुढे खुर्च्या, दोर, पट्टे, लोड, लाकडी ठोकळे घेऊन त्यांनी असं काही बसवलं की न वाकणाऱ्यालाही आसन मिळावं. लहानपणी स्वतः आजारांनी पार खंगलेले होते ते. आसन माणसाला शोभेलसं करायचं, माणूस आसनाला नाही. म्हणजे खुर्चीलाही मोक्ष आहे.

खुर्चीची सोय लावली, पण बाबा आमटे राहिलेच. ते माझ्या सिद्धांतात बसत नाहीत. ते कुठेच बसत नव्हते. पाठीच्या मणक्यांचं असं दुखणं जडलं होतं की एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. मधली अवस्था त्यांच्या नशिबातून गेली होती. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून त्यांचं 'भारत जोडो' अभियान निघालं तेव्हा तरुण मुलं सायकलवर आणि सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत बिछान्यावर. जमिनीवर मांडी घालून कुणाच्या शेजारी बसणं सोडाच, त्यांना खुर्चीही चालत नव्हती. आणि वरोऱ्याच्या खडकाळ रानात आनंदवन उभं केलं ते याच माणसानं.

त्यांनीच सांगितलेली एक गोष्ट आहे. पाठ धड होती तेव्हाची. वरोऱ्यात भंगीकाम करणाऱ्यांबरोबर ते स्वतः मैला वाहत होते. पावसात गटाराच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला, कुष्ठानं झडलेला, तुळशीराम त्याचं नाव. बाबा त्याच्याजवळ बसले नाहीत. भीतीनं पळून घरी गेले. आणि मग, घरी पोचल्यावर, परत आले. त्याची शेवटपर्यंत सेवा केली.

हे मी आत्याला फोनवर सांगितलं, सगळंच. प्लंबरपासून पतंजलीपर्यंत. आता तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. ती शांतपणे ऐकत होती, निदान मला तरी तसं वाटलं.

"बाबा थोर होते गं," म्हणाली, "तुझ्या गुडघ्याला काय झालंय पण? तिळाचं तेल लाव रात्री. आणि ठेव आता, माझी मालिका सुरू झाली."