सोलर ड्रायर: उष्णता पुरे, आता वाऱ्याचं बघतोय

आमच्या येवल्याकडे मक्याची सोंगणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ ठरलेली. मळणी झाली तरी दाण्यात २०-२२ टक्के ओलावा सहज असतो, आणि १४ च्या वर गेला की व्यापारी भाव पाडायला मोकळा. खळ्यावर ताडपत्री टाकून वाळवावं तर ढग आले की पळापळ, आणि ओला ढीग झाकून ठेवला की बुरशी.

म्हणून सोलर ड्रायर बनवतोय: उन्हाने तापलेल्या पत्र्यावरून गरम झालेली हवा पेटीतल्या जाळीवर पसरलेल्या दाण्यांतून जाते आणि ते वाळवते. सांगाडा तयार आहे. काळा मॅट रंग दिलेला जीआय पत्रा, त्यावर चार इंच पोकळी सोडून द्राक्षबागेच्या आच्छादनातलं उरलेलं यूव्ही प्लास्टिक. नाशिकचा अक्षांश २०, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून उतार ३० अंशांचा धरला.

क्विंटलभर मका २२ वरून १४ टक्क्यांवर आणायचा म्हणजे नऊ किलोंच्या वर पाणी उडवायचं. विजेच्या हिशेबात सहा युनिटांची उष्णता झाली. पत्रा तेवढी देतो. ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा ४५ वर नेली की तिची आर्द्रता २७ टक्क्यांपर्यंत उतरते. पण ती कोरडी हवा दाण्यातून जायला हवी ना! पेटीत उदबत्ती धरून बघितलं, तर धूर सगळा कडेच्या फटीतून सुळकन वर, मधला थर ढिम्म. फटींना सायकलची जुनी ट्यूब कापून लावली, थर दोन इंचांवर आणला, आणि धूर जाळीभर सारखा पसरला. तापमान वाढवण्याच्या नादापेक्षा हे काम कितीतरी मोलाचं, असं माझं मत.

पंखा १२ व्होल्टचा, थेट पॅनलवर. बॅटरी मुद्दामच नाही. ऊन चढलं की तो जोरात, ढग आला की मंद. कंट्रोलरचं काम फुकटात होतं. संध्याकाळी मात्र हवेचं तोंड बंद करायचं, नाहीतर रात्रीची दमट हवा शिरून दाणा पुन्हा ओलावा धरतो.

मॉइश्चर मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा अजून १५ च्या वर.

पुढची पाळी मामांच्या इगतपुरीच्या भाताची. भात घाईने तापवला की दाण्याला चिरा जातात आणि गिरणीत कणी जास्त पडते. बियाण्याचा असेल तर ४३ अंशांपुढे न्यायचाच नाही. त्यासाठी पेटीच्या बाजूला बाहेरची गार हवा मिसळायला सरकती खिडकी बसवतोय.