अगत्तीची विहीर

लक्षद्वीपला जाऊन आले म्हटलं की पुण्यात हल्ली एकच वाक्य ऐकू येतं: "बरं झालं, बुडायच्या आत बघून आलात." आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी तर याच कारणासाठी नाव नोंदवलं होतं. मला हे वाक्य आता ऐकवत नाही. तिथे माणसं राहतात. २०११ च्या जनगणनेत चौसष्ट हजारांवर भरली होती, तीही अवघ्या ३२ चौरस किलोमीटर जमिनीवर.

परमिटची धावपळ, कोचीपर्यंतची रेल्वे, तिथला घामाघूम मुक्काम, हे सगळं बाजूला ठेवते. छोटं विमान अगत्ती बेटावर उतरलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि तिथे बेट इतकं चिंचोळं आहे, की डाव्या खिडकीतही पाणी आणि उजव्या खिडकीतही पाणी. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम एक-दोन मीटर वर. साडेपाचशे मीटर उंचीवर जन्म काढलेल्या माणसाला हे नकाशावर बघून कळत नाही.

आम्ही उतरलो होतो एका कुटुंबाच्या घरीच. घर उम्माचं, तिच्या आईकडून तिला आलेलं. इथल्या मुसलमान समाजात घराणं आईकडून चालतं. उम्माला मल्याळमच येत होतं, तिची लेक हिंदीतून सांगायची. जेवायला खोबऱ्याच्या रसातला ट्यूना आणि भात. इतक्या आग्रहाने वाढायच्या, की बरोबर नेलेले थेपले पिशवीतच राहिले.

परसात विहीर होती. खोल नाही, वाकलं की पाणी दिसावं इतकी. पहिल्या संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर आमच्यातल्या एका काकांनी अंगावरची वाळू धुवायला दोन बादल्या संपवल्या आणि तिसरी मागितली. उम्मा काही बोलली नाही. आत गेली आणि झाकून ठेवलेल्या पिंपातलं पाणी घेऊन आली. ते पावसाचं साठवलेलं, स्वयंपाकाचं पाणी होतं. मी काकांना म्हटलं, "काका, ते पिण्याचं आहे, राहू द्या." ते म्हणाले, "अहो, पैसे भरलेत आपण." संताप आला. पैसे कोणाला भरले आणि पाणी कोणाचं वापरतोय, याचा काही संबंध तरी आहे का? खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेले आपण. नळ सोडला की धरण आहेच असं गृहीत धरून जगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने मला विहिरीपाशी नेलं. भरतीला पाणी थोडं वर येतं, ओहोटीला खाली जातं, हे तिने दाखवलं. समुद्र दिसत नव्हता, पण विहिरीला कळत होता. प्रवाळाच्या वाळूतून पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं, दुधावरच्या सायीसारखं. पंप लावून जोरात उपसलं की खालचं खारं वर येतं. वादळी लाटा आत शिरल्या की वरूनही मीठ उतरतं. मग पुरेसा पाऊस पडेपर्यंत वाट बघायची. उम्माने मला एक घोट चाखायला दिला. किंचित मचूळ लागलं. तिच्या लहानपणी असं लागत नव्हतं, असं ती म्हणाली.

अगत्तीत सरकारी प्रकल्पही आहे. समुद्राचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचं आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ थंड करून गोडं पाणी मिळवायचं. असा पहिला प्रकल्प लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला २००५ मध्ये सुरू झाला, अगत्तीचा २०११ मध्ये. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. त्याने खूप हायसं झालं आहे, असं घरातले सगळेच सांगत होते. पण विहीर ती विहीरच. माडांना, केळीला, गुरांना तीच लागते.

जवळच्या बंगारम बेटावर होडीतून गेलो, पोहलो, फोटो काढले. तिथल्या प्रवाळवलयात, म्हणजे प्रवाळाच्या कड्यात, परळी-१ नावाचं एक निर्मनुष्य बेट होतं. १९६८ मध्ये ते आठेक एकर होतं, पुढे धुपत धुपत पूर्ण नाहीसं झालं. होडीवाल्याने ती बाजू हाताने दाखवली. तिथे निळं पाणी होतं. जिवंत प्रवाळाची भिंत लाटा अडवते, वाळूही तिच्यातूनच बनते. आणि १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र इतका तापला, की प्रवाळ पांढरं पडून मोठ्या प्रमाणावर मेलं. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालात आहे, की उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरने चढली. १८७४ ते २००४ या लांबच्या काळात हा वेग एक ते पावणेदोन मिलिमीटर होता. पाणी चढतंय आणि भिंत खचतेय, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून "बुडायच्या आत" हे मला चुकीचं वाटतं. बेट एका रात्रीत बुडणार नाही. जमीन जागेवर असेल, माड उभे असतील, आणि तरी विहिरीचं पाणी तोंडात धरवणार नाही. माणसांना घर सोडावं लागेल ते तेव्हा.

जायचंच असेल तर पावसाळा सरल्यावर लगेच जा, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. पुण्यातून गर्दी निघते एप्रिल-मेच्या सुट्टीत, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्याकडे गोडं पाणी सगळ्यात कमी असतं. वाळू किनाऱ्यावरच सुकवून झाडा. आंघोळीला एक बादली, तीही विचारून. माझी भाची मे महिन्याचं बुकिंग करत होती, तिला मी नोव्हेंबर करायला लावला.