पाच स्टारचा एक, तीन स्टारचे शंभर

अमेरिकन फुटबॉल खेळणारी हायस्कूलची मुलं कॉलेजात आणि पुढे किती चमकतील याचा अंदाज बांधून काही वेबसाइट्स त्यांना पाचपर्यंत स्टार देतात. दरवर्षी सुपर बोलच्या, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या, आठवड्यात एक चित्र फिरतं. दोन्ही संघांतले खेळाडू हायस्कूलमध्ये असताना किती स्टारचे होते याचा तक्ता असतो. पाच स्टारवाले चार-दोन, तीन स्टारवाले ढीगभर, मधूनमधून एखादा शून्य स्टारवाला. खाली ठरलेली ओळ: बघा, स्टार म्हणजे थोतांड.

तक्ता खरा असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. अमेरिकेत दरवर्षी पाच स्टार जेमतेम तीसेक मुलांना मिळतात. २४७स्पोर्ट्स या वेबसाइटनं तर आकडा ठरवूनच ठेवलाय, ३२. एनएफएलचे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात, म्हणून. चार स्टारवाले साधारण साडेतीनशे. तीन स्टारवाले दीड-दोन हजार. आता ढोबळ हिशोब करू. पाच स्टारवाल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं पुढे ड्राफ्ट होतात, चार स्टारवाल्यांपैकी पाचात एक, तीन स्टारवाल्यांपैकी शंभरात सहा-सात. म्हणजे पाच स्टारचे सोळा, चार स्टारचे सत्तर आणि तीन स्टारचे सव्वाशेच्या घरात. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत मिळून निवडी असतात अडीचशेच्या थोड्या वर. उरलेल्या जागा दोन स्टारवाले आणि कुणाच्या खिजगणतीतही नसलेली मुलं भरतात.

सव्वाशे विरुद्ध सोळा, म्हणून तक्त्यात तीन स्टारवाले दाटीवाटीनं दिसतात. पण एकट्या मुलाची शक्यता बघितली तर पाच स्टारवाला तीन स्टारवाल्याच्या सातपट पुढे आहे. त्याच हिशोबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायची: निम्मे पाच स्टारवाले ड्राफ्टच होत नाहीत आणि पहिल्या फेरीत जाणारे तर त्याहून बरेच कमी. मुलांच्या ढिगाबद्दल स्टार बरंच सांगतो. एका मुलाबद्दल तो पैज लावण्याइतकंच सांगतो, आणि ती पैज कुठे हरली जाते हे बऱ्याच अंशी आधीच कळतं.

आधी एक साधी गोष्ट. स्टार बघूच नका, त्याच्याखालचा आकडा बघा. २४७स्पोर्ट्सच्या मोजपट्टीवर ९८ पासून पुढे पाच स्टार, ९० ते ९७ चार, ८० ते ८९ तीन. ईएसपीएनकडे ९० च्या वर पाच, ८० च्या वर चार. रायव्हल्सची जुनी पट्टी वेगळीच होती: ६.१ ला पाच, ५.८ ते ६.० ला चार, ५.५ ते ५.७ ला तीन. त्यामुळे एकाचा ९० आणि दुसऱ्याचा ९० शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यातून चार स्टार ही इतकी लांबलचक पेटी आहे की देशातला ३५वा मुलगा आणि ३३०वा मुलगा दोघंही तिच्यात बसतात. पहिल्याला पाच स्टार थोडक्यात हुकलेत, दुसरा तीन स्टारवाल्यांच्या दारात उभा आहे. दोघांच्या नावापुढे चारच चांदण्या.

सगळ्यांची सरासरी काढणारा कंपोझिट आकडा त्यातल्या त्यात बरा, कारण एकाची चूक दुसऱ्यानं थोडी भरून निघते. तरी सरासरीच्या आत डोकावायचं. सगळे आकडे एका पट्टीवर आणल्यावर तिन्ही ठिकाणी ९१ असलेला मुलगा आणि एकीकडे ९७, दुसरीकडे ८६, तिसरीकडे ९० असलेला मुलगा सरासरीत सारखेच दिसतात. या दुसऱ्या मुलात एका जाणकारानं काहीतरी पाहिलंय जे बाकीच्यांना पटलेलं नाही, आणि बहुतेक वेळा तो वाद शरीराच्या ठेवणीवरून किंवा कोणत्या जागी खेळेल यावरून असतो.

आता हा आकडा येतो कुठून ते एका जागेपुरतं जवळून पाहू. ऑफेन्सिव्ह टॅकल घ्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या रांगेतला कडेचा खेळाडू, कारण सगळ्यात जास्त फसवणारी जागा तीच. मुलगा सतरा वर्षांचा, सहा फूट पाच इंच, अडीचशे पाउंड. कॉलेजात तो तीनशेच्या वर जायला हवा. म्हणजे आज जो मुलगा समोर आहे त्याला रेटिंग द्यायचंच नाहीये. पन्नास पाउंड चढवल्यावर जो होईल, त्याला द्यायचंय. जाणकार माणूस इथे ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणं, किती दणकेबाज आहेत ते बघत नाही. हायस्कूलात त्याच्यासमोर दोनशे पाउंडांचं पोर उभं असतं, त्याला कुणीही लोळवेल. बघायचं ते घोटा किती वाकतो, बसताना गुडघ्यातून बसतो की कमरेतून पुढे झुकतो, हात किती लांब आहेत, खांदे आणि कंबर किती रुंद आहेत. म्हणजे वजन चढलं तर ते बसेल कुठे. म्हणूनच टॅकलची बास्केटबॉलची फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रण, मागवतात आणि गोळाफेकीचे आकडे विचारतात. पायांची चपळाई आणि कमरेतला स्फोट तिथे फुटबॉलपेक्षा स्वच्छ दिसतो.

मग हा मुलगा जाणकारांसमोर कस दाखवायच्या कॅम्पला जातो. तिथे पॅड नाहीत, एकास एक ड्रिल. समोरच्या पास रशरला, म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्याला, दोन्ही बाजूंना मोकळं रान, टॅकलच्या शेजारी मदतीला गार्ड हा साथीदार नाही, आणि चेंडू घेऊन धावण्याचा डाव येईल का ही शंकाही रशरला नाही. ड्रिलच रशरच्या बाजूनं झुकलेलं असतं. टॅकल तिथे हरला यात नवल नाही; हरल्यावर पाय परत अंगाखाली आणतो की हात टाकून लोंबकळतो, हे बघायचं. पण व्हिडिओ फिरतो तो फक्त हरण्याचा. एज रशरचे, म्हणजे कडेनं चाल करणाऱ्या पास रशरचे, आकडे कॅम्पच्या मोसमात भराभर चढतात आणि लाइनमनचे रेंगाळतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मोजमापांतली खोट तर नेहमीचीच. शाळेच्या यादीतली उंची आणि कॅम्पमध्ये टेप लावून घेतलेली उंची यांत इंच-दोन इंच सहज जातात. चाळीस यार्डांची वेळ हातातल्या घड्याळावर घेतली की यंत्रापेक्षा साधारण दोन दशांश सेकंदानं कमी येते. हातावरचं ४.५ यंत्रावर ४.७ च्या आसपास. चेंडू झेलणाऱ्यांच्या मागे धावणाऱ्या कॉर्नरबॅकसाठी एवढा फरक म्हणजे कॉलेजकडून प्रवेशाची ऑफर आणि नकार यांतलं अंतर. म्हणून मोजमापापुढे ‘व्हेरिफाइड’ लिहिलंय का ते बघायचं. नसेल तर ट्रॅकवरची शंभर मीटरची वेळ शोधायची. ती स्पर्धेत, बहुतेक वेळा यंत्रावर घेतलेली असते आणि तिथे कुणी प्रेमानं बटण लवकर दाबत नाही.

आणखी एक गोष्ट रेटिंगमध्ये झिरपते, ती म्हणजे ऑफर. अलाबामा, जॉर्जिया किंवा ओहायो स्टेटनं एखाद्या तीन स्टारवाल्याला ऑफर दिली की पुढच्या फेरबदलात त्याचा आकडा वर सरकतो. चाहते याला लबाडी म्हणतात. मला ती लबाडी वाटत नाही. त्या कॉलेजांचे कोच मुलाला प्रत्यक्ष कॅम्पमध्ये हाताळतात, शाळेच्या कोचशी तासन्‌तास बोलतात. त्यांचं मत ही माहितीच आहे. अडचण वेगळी आहे. यामुळे ‘मोठी कॉलेजं चांगले स्टार घेतात’ आणि ‘मोठ्या कॉलेजांनी घेतलं म्हणून स्टार चांगले’ ही दोन वाक्यं एकमेकांत अडकतात. शिवाय सगळ्याच ऑफर खऱ्या नसतात. कित्येक ऑफर अशा असतात की मुलानं आज ‘हो’ म्हटलं तर कोच म्हणेल, जरा थांब. यादीत वीस कॉलेजं दिसतात, त्यातल्या किती कॉलेजांना तो भेट देऊन आला ते बघितलं की खरा आकडा कळतो.

चुका कुठे होतात? पहिली जागा म्हणजे नकाशा. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियातल्या मोठ्या शाळांच्या मुलांना डझनभर जाणकार वर्षानुवर्षं बघतात. आणि क्वार्टरबॅक जॉश ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीच्या गावातला. एकही स्टार नाही, म्हणून आधी रीडली या ज्युनिअर कॉलेजात, तिथून शेकडो कोचना ईमेल, मग वायोमिंग. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर गेला. हायस्कूलनंतर त्याची उंची आणि वजन दोन्ही वाढलं. सतरा वर्षांचा असताना त्याला पाहिलेला माणूस फार चुकला असंही म्हणता येत नाही.

दुसरी जागा, शाळेची खेळण्याची पद्धत. क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड टेक्सासचाच, पण त्याची शाळा विंग-टी ही पद्धत खेळायची. तिथे क्वार्टरबॅक चेंडू फेकण्यापेक्षा हातात देण्याचंच काम जास्त करतो. फिल्मवर फेकीच नाहीत तर रेटिंग कशाला द्यायचं? इनकार्नेट वर्ड नावाच्या छोट्या विद्यापीठानं घेतलं, पुढे वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. तिसरी जागा काळाची. मार्च २०२० पासून मे २०२१ च्या अखेरीपर्यंत कोचना मुलांना प्रत्यक्ष भेटायला बंदी होती, कॅम्प बंद होते. २०२१ आणि २०२२ च्या वर्गांची, म्हणजे त्या वर्षी कॉलेजांनी भरती केलेल्या मुलांची, रेटिंग्ज वाचताना हे विसरायचं नाही.

किकर आणि पंटरचं सोडूनच द्या. चेंडूला लाथ मारण्यापुरतेच मैदानात येणाऱ्या या खेळाडूंना रेटिंगच्या वेबसाइट्स तीन स्टारच्या वर क्वचितच नेतात. त्यांची दुनिया किकिंग कॅम्पची, तिथली स्टारांची यादीही वेगळी.

एकेका मुलाच्या बाबतीत इतकी गाळणी लावावी लागते, पण पूर्ण संघ घेतला की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि स्टार भलतेच खरे ठरतात. यासाठी बड एलियट यांनी रूढ केलेलं माप आहे, ब्लू-चिप रेशो. गेल्या चार वर्षांत हायस्कूलमधून घेतलेल्या मुलांपैकी चार आणि पाच स्टारवाले निम्म्याहून जास्त आहेत का, एवढंच. २०२४ च्या हंगामापर्यंत गेल्या दहा-बारा वर्षांतला प्रत्येक राष्ट्रीय विजेता या रेषेच्या वर होता. काही जण, जसे क्लेम्सन आणि मिशिगन, जेमतेम वर, पण वर. रेषेखालचा संघ एखादा सामना जिंकतो, कधी हंगामही गाजवतो. २०२२ च्या हंगामात टेक्सासमधलं टीसीयू हे विद्यापीठ अंतिम सामन्यापर्यंत पोचलं, मिशिगनला हरवून. अंतिम सामन्यात जॉर्जियानं त्यांना ६५-७ असं धुतलं. पहिल्या फळीत फरक होताच, पण दुसरा हाफ बघितला तर खरा फरक राखीव फळीत दिसतो. जॉर्जियाचा तिसरा डिफेन्सिव्ह टॅकलही चार स्टारचा असतो, आणि तो ताजा पाय घेऊन मैदानात येतो.

याच वर्षी उलटं उदाहरणही घडलं. टेक्सास ए अँड एमनं २०२२ चा जो वर्ग भरला त्याला २४७स्पोर्ट्सच्या यादीत तोवरचे सर्वाधिक गुण मिळाले होते. त्या हंगामात संघाचे पाच विजय, सात पराभव. घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेटकडून हार. लोक म्हणाले, गेले स्टार पाण्यात. पण तीन वर्षांनी बघा: त्याच वर्गातला वॉल्टर नोलन आणि शेमार स्टुअर्ट २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत लागोपाठ गेले, सोळावा आणि सतरावा. फरक इतकाच की नोलन तोवर ओले मिस या दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला होता. मुलांबद्दलचा अंदाज बरोबर होता. पहिल्या वर्षाची पोरं डिफेन्सिव्ह लाइनवर कितीही गुणी असली तरी क्वार्टरबॅक आणि ऑफेन्सिव्ह लाइन धड नसेल तर सामने जिंकून देत नाहीत, आणि वर्ग टिकवता आला नाही तर गुण दुसऱ्याच्या अंगणात फळतात.

वर्गांच्या क्रमवारीबद्दल थोडं. तिथला हिशोब सरळ बेरजेचा नसतो. सगळ्यात चांगल्या मुलाला पूर्ण वजन, पुढच्याला थोडं कमी, असं घंटेच्या आकाराच्या वक्रानं उतरत जातं. विसाव्या-पंचविसाव्या मुलानं फारशी भर पडत नाही. तरी सतरा मुलांचा वर्ग सत्तावीस मुलांच्या वर्गापुढे थोडा मागे दिसतोच. म्हणून क्रमांक वाचताना शेजारचा दरडोई सरासरी आकडा वाचायचा, आणि लाइनवर किती मुलं घेतली ते मोजायचं.

ब्लू-चिप रेशोची रेषा तुटली ती २०२५ च्या हंगामात. इंडियाना अपराजित राहून राष्ट्रीय विजेता झालं, आणि त्यांचा रेशो निम्म्याच्या जवळपासही नव्हता. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा हायस्कूलमध्ये आधी येलला ‘हो’ म्हणालेला, मग कॅलला (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) गेलेला, तिथून पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, इंडियानात आलेला. त्या वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कारही त्यालाच. मुख्य कोच कर्ट सिग्नेटी २०२४ च्या हंगामासाठी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना तिथले बरेच खेळाडू बरोबर घेऊन आले होते. रेशो हायस्कूलचीच भरती मोजतो, ट्रान्स्फर मोजत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूकडे दोन-तीन हंगामांची कॉलेजची फिल्म असते. तिथे शरीर कसं भरेल याचा अंदाज बांधायचाच नसतो, ते भरलेलं समोर असतं. इंडियानानं कमी स्टारवाले घेतले असं म्हणण्यापेक्षा जुने, शिळे झालेले स्टार बाजूला ठेवून ताजी फिल्म वाचली असं म्हणणं मला जास्त पटतं.

पोर्टलमधल्या खेळाडूच्या पानावर आता दोन रेटिंग्ज असतात, हायस्कूलचं आणि ट्रान्स्फरचं. दुसरं वाचा. कॉलेजात दोन वर्षं झाली असतील तर पहिलं जवळजवळ सोडून द्या, आणि स्टारऐवजी तीन गोष्टी तपासा: किती स्नॅप (डाव) खेळला, कोणासमोर खेळला आणि जुन्या कॉलेजनं त्याला थांबवायचा प्रयत्न केला का. पाच स्टारचा मुलगा दोन वर्षांत साठ स्नॅप खेळून निघाला असेल तर त्याच्या जागी कोण खेळत होतं ते आधी बघा. पुढे उभा असलेला ड्राफ्टमध्ये वर गेला असेल तर हा मुलगा अजूनही घेण्यासारखा आहे. पुढे उभा असलेला तीन स्टारचा, त्याच्याहून वर्षानं लहान असेल, तर सरावात रोज काय दिसत होतं ते त्या कोचनं सांगून टाकलेलं असतं.