पुठ्ठ्याचं घर, अपडेट ४: लिंटेल पडलं, छज्जा मोडला

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, पण काम चालू होतं. नवीन लोकांसाठी थोडक्यात, १:२० स्केलचं घर बनवतोय आणि नियम एकच, ज्या भागाचं नाव नि काम सांगता येत नाही तो भाग चिकटवायचा नाही. बांधकामातले शब्द पाठ करून माझ्या डोक्यात राहत नाहीत, हाताने केलं की राहतात.

जोतं झालं. त्याच्यावर डीपीसी (डॅम्प प्रूफ कोर्स) म्हणून प्लास्टिकची पट्टी टाकली, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढत नाही ती याच थरामुळे. इथे काही गडबड झाली नाही.

भिंतींनी मात्र कार्पेट एरिया शिकवला. आतून ३ बाय ४ मीटरची खोली, म्हणजे १२ चौरस मीटर, पण बाहेरच्या भिंती २३० मिमीच्या (आपली ९ इंची) आहेत, त्या धरून मोजलं तर १५.४ आले! कार्पेट म्हणजे जिथे खरंच सतरंजी अंथरता येईल ती जागा, बिल्टअपमध्ये भिंतींची जाडीही आली. इतका फरक पडत असेल असं वाटलं नव्हतं, दोनदा मोजलं.

मग लिंटेल, म्हणजे खिडकीच्या वरची आडवी तुळई. खिडकीच्या मापाचंच कापलं आणि ते सरळ खिडकीतून खाली पडलं. पडणारच ना, वरच्या भिंतीचं वजन त्याने दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टाकायचं तर त्याला टेकायला जागा नको का? दोन्हीकडे साधारण १५० मिमी बेअरिंग (हीच टेकायची जागा) ठेवतात, माझ्या स्केलला साडेसात मिमी. खिडकीच्या खालची ती सिल, वरचं ते लिंटेल, हे आता जन्मात विसरणार नाही.

आता मेन गोष्ट, छज्जा. कँटिलिव्हर हा शब्द मी कितीदा वाचलाय, एका बाजूला घट्ट धरलेलं नि दुसरी बाजू अधांतरी, एवढंच डोक्यात होतं. पीओपीचा छज्जा ओतला, सळईच्या जागी तांब्याची तार, आणि स्लॅबमध्ये खाली असते म्हणून इथेही खालीच ठेवली. वाळल्यावर टोकावर बोटाने दाबलं तर भिंतीजवळ वरच्या बाजूने तडा गेला नि तुकडा लोंबायला लागला. दुसरा ओतला तार वर ठेवून, तो बराच दाब सहन करून गेला. कारण दोन्हीकडे टेकलेला स्लॅब मधे खाली वाकतो, ताण खालच्या अंगाला येतो, छज्जाचं टोक खाली झुकतं म्हणून ताण वरच्या अंगाला. काँक्रीट दाब झेलतं, ताणात कच्चं असतं, म्हणून जिथे ताण तिथे सळई. साइटवर काँक्रीट ओतताना कोणी छज्जाच्या सळयांवर चालून त्या खाली दाबल्या तर का ओरडतात ते आत्ता कळलं. कव्हर ब्लॉक, चेअर हे सगळं सळई जागेवर राहावी म्हणून असतं, मी आधी त्यांना फालतू ठोकळे समजायचो 😅

हो, आणि क्युरिंगबद्दल एक, सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन होतं, म्हणूनच पाणी मारत राहायचं. माझ्या पीओपीला असं पाणी मारत राहावं लागत नाही, म्हणून ही नक्कल सोडून दिली.

जिना अर्धवट आहे. मजल्याची उंची ३ मीटर, १५० मिमीचे २० रायझर (पायरीची उभी बाजू), म्हणून ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) पण २० कापले आणि एक उरला. शेवटचा रायझर चढलात की पाय वरच्या फरशीवरच पडतो, म्हणजे एका सरळ जिन्यात ट्रेड १९ च. उरलेला ट्रेड बुकमार्क झालाय.

पुढच्या वेळी वेस्ट स्लॅब. मी इतके दिवस कचऱ्यातला वेस्ट समजत होतो, निघाला कंबरेचा वेस्ट, पायऱ्यांच्या खालचा तो तिरका स्लॅब. तो ओतायचा साचा कशाचा करू, सुचवा.