पोल्ट्रीतला पिवळा बल्ब

कुत्री भाद्रपदात माजावर येतात आणि साधारण 63 दिवसांनी वितात. म्हणजे पिल्लं येतात ती ऐन कार्तिक-मार्गशीर्षात. निफाडमध्ये जन्माला यायला याहून वाईट महिना नाही. आमच्या वस्तीवरची काळी अशीच पॅकिंग शेडमध्ये क्रेटच्या थप्पीमागे व्याली. पाच पिल्लं.

त्या दिवसांत आमचं सगळं लक्ष बागेकडे. पारा 6-7 अंशांवर आला की द्राक्षाचे मणी तडकायची भीती, म्हणून अण्णा पहाटे बांधाला शेकोट्या पेटवत होते, ठिबकने विहिरीचं कोमट पाणी सोडत होते. मी शेडमध्ये काड्याची पेटी शोधायला गेलो तर एक पिल्लू बाकीच्यांपासून हातभर लांब पडलेलं. उचललं, तर फरशीसारखं गार. हिरड्या पांढऱ्या. मेलंच म्हणून ठेवणार होतो, तेवढ्यात तोंड किंचित हललं.

आईने लगेच गायीचं दूध गरम केलं. कापसाच्या बोळ्याने पाजायचं म्हणून बसलोच होतो, सहज तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते जवळपास ओरडलेच, "दूध नको! आधी ऊब." पिल्लाचं अंग 34 अंशांखाली गेलं की आतडी काम थांबवतात, दूध पोटात तसंच राहतं आणि कधी फुप्फुसात जातं. शिवाय पहिल्या आठवड्यात पिल्लांना धड थरथरताही येत नाही, अंगातली ऊब त्यांना स्वतः राखता येत नाही. शेकोटीजवळ न्यायचं नाही, गरम पाण्यात बुडवायचं नाही. हळूहळूच तापवायचं.

मग सुती फडक्याने चोळलं आणि स्वेटरच्या आत, छातीशी धरून बसलो. तासाभराने ते कुईकुई करायला लागलं. करंगळी तोंडात दिली तर चोखलीही. तेव्हा कुठे काळीच्या आचळाला लावलं.

खरी कसरत पुढची. पहिल्या आठवड्यात खोक्यात 30 अंशांच्या आसपास ऊब हवी होती. आईने जुनी गोधडी दिली, ती दुपारपर्यंत मुताने ओली आणि मग फरशीपेक्षा गार. गव्हाचा भुसा टाकला तर नाकात जायला लागला. शेवटी इगतपुरीकडून येणाऱ्या गाडीवाल्याकडून भाताचा पेंढा मागवला, खाली क्रेट उलटा घालून जमिनीपासून वीतभर वर. पेंढा ओल धरत नाही, पिल्लं त्यात खोल घुसतात. वर गोणपाट, तोंड पूर्वेला.

बल्ब लावला, तर तो एलईडी! उजेड भरपूर, ऊब शून्य. मला स्वतःचंच हसू आलं. जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब गावातल्या एकाही दुकानात मिळेना. शेवटी शेजारच्या पोल्ट्रीवाल्याने दिला, कोंबडीच्या पिल्लांना तेच लागतात त्याला. खोक्याच्या एकाच बाजूला हातभर उंचीवर टांगला, म्हणजे उकडलं तर पिल्लांना सरकता यावं. आणि दोन्ही बाजूंनी वायरला गाठ, कारण बल्ब पेंढ्यात पडला तर शेडच जळेल. काकांनी निखाऱ्याची घमेली आत ठेवायचं सुचवलं होतं. बंद शेडमध्ये निखाऱ्याच्या विषारी वायूने आम्हीही गेलो असतो.

रात्री लाईट जायची. मग बाटल्यांत गरम पाणी, त्यांना मोजे घालून पेंढ्यात खोचायच्या, दर दोन-तीन तासांनी बदलायच्या. आईने चिडचिड केली, पण तिसऱ्या रात्री तीच उठून पाणी तापवत होती. मधूनच हात घालून बघायचो. सगळी ढिगात चिकटून झोपली असतील तर गारठलीत, लांब लांब पसरली असतील तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा हाच हिशोब बरा.

तीन आठवड्यांनी काळीने आपणहून पिल्लं एकेक करून तोंडात धरून ट्रॅक्टरखाली हलवली. संध्याकाळी ट्रॅक्टर उभा केला की इंजिन बराच वेळ गरम राहतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून अण्णा किल्ली फिरवण्याआधी बोनेटवर दोन थापा मारतात आणि पाचही बाहेर येईपर्यंत मोजत उभे राहतात.